पाचशे नंबरचा मालक

आमच्या साताऱ्याच्या घरी हॉलमध्ये गणपतीच्या तसबिरीशेजारी माझं एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं आहे. हा कोर्स केला नाही तर वेतनवाढ रोखू, अशी तंबी शासनाने दिल्यावर सरकारी नोकरांमध्ये संगणकाची जी ओढ निर्माण झाली, तिच्यात मीही वाहून गेलो. माउस कसा धरायचा, फोल्डर कुठे ठेवायचं आणि परीक्षेत शेजारच्या पडद्याकडे मान न वळवता कसं पाहायचं, एवढं शिकून मी बाहेर पडलो. वेतनवाढ वाचली. यथावकाश निवृत्तही झालो. प्रमाणपत्र मात्र भिंतीवर राहिलं आणि त्याच्या जोरावर सातारा ते सांगली या पट्ट्यातल्या समस्त नातेवाइकांत ‘संगणकातलं कळणारे’ अशी माझी ख्याती झाली. कोणाचा प्रिंटर अडला, कोणाचा टीव्ही वायफायला जुमानेना, की मला बोलावणं येतं. मी जातो, यंत्र बंद करून पुन्हा चालू करतो, चहा घेतो आणि यशस्वी होऊन परततो.

या कीर्तीला सुरुंग लावला तो माझ्या सासऱ्यांनी. सांगलीच्या गावभागात राहणारे नाना, वय वर्षं अठ्ठ्याऐंशी. आवाज अजून असा की फोन कानापासून हातभर लांब धरावा लागतो.

“जावईबापू, कुलवृत्तांताची नवी आवृत्ती काढतोय. जुना मजकूर, फोटो सगळं त्या सीडीत आहे. तेवढं उघडून द्या.”

“हो, त्यात काय!” मी म्हणालो. माझी निम्मी संकटं या तीन शब्दांनी सुरू होतात.

नानांचा कुलवृत्तांत म्हणजे त्यांचं जीवनकार्य. त्यासाठी त्यांनी नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या चाळल्या, कोकणातल्या मूळ गावी जाऊन देवळाच्या पायरीवर कोरलेली नावं उतरवून घेतली, आणि ज्या ज्या घरी जेवायला गेले तिथल्या भिंतीवरचे पूर्वज स्कॅन करायला मागून आणले. २००४ साली या सगळ्याची सीडी झाली. ती माझ्या मेहुण्यांच्या मुलाने केली. तो तेव्हा सांगलीतच इंजिनिअरिंगला होता आणि त्या वयात मुलं कविता करतात तसं न करता लिनक्स करत होता.

सीडीच्या पाच प्रती काढून पाच शाखांना जिलबी-मठ्ठ्याच्या जेवणानंतर समारंभाने वाटल्या होत्या. म्हणजे पाचांतली एक तरी मिळायला हरकत नव्हती. मी फोन सुरू केले.

तासगावची शाखा म्हणाली, “दाजी, ती बागेत आहे.” द्राक्षबागेत. मणी भरायला लागले की पाखरं येतात, त्यांनी बिचकावं म्हणून चकचकीत सीड्या तारेला टांगतात. “चांगली आहे हो सीडी. तिच्या ओळीला एक पाखरू फिरकत नाही.” घरी रेकॉर्ड केलेल्या सीडीत मजकूर असतो तो एका रासायनिक रंगाच्या पातळ थरात, आणि ऊन हा त्या रंगाचा वैरी. एवढे उन्हाळे तासगावच्या उन्हात लोंबकळल्यावर तिच्यात पूर्वज उरले असतील, तर ते रापलेले असणार.

मिरजेच्या शाखेत सीडी चहाच्या कपाखाली होती. वाईच्या शाखेने ती देवघरात ठेवली होती. “आपले पूर्वज आहेत ना त्यात,” वाईच्या काकू म्हणाल्या. दर पितृपक्षात तिला हळदकुंकू, अक्षता, गंध. मधल्या भोकात फूल. पूर्वजांवर गंधाचं पूट इतकं जाड चढलं होतं की सीडी ड्राइव्हमध्ये मावली नसती.

सांगलीच्या प्रतीने महापूर पाहिला होता. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५. नानांच्या घराचा खालचा मजला पाण्यात होता आणि सीडी खालच्या कपाटात. आता गंमत बघा, सीडी पाण्याला तशी फारशी दाद देत नाही; प्लॅस्टिकच ते. पण वर चिकटवलेलं कागदी लेबल फुगलं होतं. पूर ओसरल्यावर घर आवरताना मेहुण्यांनी ते नखाने सोललं. लेबलाबरोबर चंदेरी वर्खही सोलून आला. सीडीचा मजकूर खालच्या गुळगुळीत बाजूला असतो आणि लेबलाची बाजू भक्कम असते, असा आपला समज. प्रत्यक्षात जाड प्लॅस्टिक खालीच असतं. मजकूर आणि वर्ख वरच्या लेबलाला लागून, मध्ये फक्त रोगणाचा एक पापुद्रा. मेहुण्यांनी ती सीडी उजेडाकडे धरून मला दाखवली. निम्म्या कुलवृत्तांतातून पलीकडचं केळीचं झाड दिसत होतं.

राहिली आमची, साताऱ्याची. ती शोकेसमध्ये, कव्हरात, नीट जपलेली. कव्हर उघडलं. आत ‘उपवासाचे १०१ पदार्थ’ निघाली.

“मूळ प्रत लॉकरमध्ये आहे,” नानांनी शेवटी सांगितलं. बँकेच्या लॉकरमध्ये सासूबाईंच्या पाटल्यांशेजारी. तिथे नानांची थरथरती सही जुन्या सहीशी जुळेना. ज्या शाखेत मेहुण्यांनी मॅनेजरकी केली, तिथल्याच नव्या मुलाने त्यांना सौम्यपणे समजावलं, “सर, तुम्हीच आम्हाला शिकवलंय, सही जुळल्याशिवाय उघडायचं नाही.” मेहुणे अभिमानाने आणि संतापाने एकाच वेळी लाल झाले. दुसऱ्या भेटीत नानांनी दात-ओठ खाऊन जुनी सही केली, आणि सीडी बाहेर आली. मी साताऱ्याहून जाताना कंदी पेढे नेले होते, येताना भडंग आणि सीडी घेऊन एसटीत बसलो. पेठ नाक्यापर्यंत रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला मी पिशवी छातीशी धरत होतो. शेजारच्या बाईंनी विचारलं, “बाळ आहे का आत?”

आता ड्राइव्ह. हल्लीच्या लॅपटॉपना सीडीचं तोंडच नसतं. पोवई नाक्यापासून मोती चौकापर्यंत सगळी दुकानं पालथी घातली. एका दुकानदाराने आपल्या नोकराला हाक मारली, “ए, इकडं ये, बघ, सीडी म्हणजे ही.” नोकराने ती हातात घेऊन दोन्ही बाजूंनी आपला चेहरा पाहिला आणि केस नीट केले. शेवटी एका निवृत्त प्राध्यापकांकडे बाहेरून जोडायचा ड्राइव्ह मिळाला. त्याच्या वायरीला दोन पिना. एकीने भूक भागत नाही म्हणून दुसरी.

माझ्या जुन्या लॅपटॉपला नवी विंडोज झेपेना म्हणून शेजारच्या इंजिनिअर मुलाने त्यावर लिनक्स घालून दिलं आहे. ड्राइव्ह जोडला. सीडी मधून कडेकडे सरळ पुसली; गोल गोल पुसली तर रेघोट्या मजकुराच्या वाटेवरच पडतात. आत सारली. ड्राइव्ह घरघरला, थांबला, विचारात पडला, पुन्हा घरघरला आणि पडद्यावर ‘कुलवृत्तांत’ हे फोल्डर उमटलं. मी बायकोला हाक मारली. प्रमाणपत्राकडे एक नजर टाकली आणि फोल्डरवर टिचकी मारली.

पर्मिशन डिनाइड.

“म्हणजे?” बायको.

“परवानगी नाही म्हणतंय.”

“माझ्या माहेरच्या माणसांना भेटायला मला परवानगी नाही?”

मी शेजारच्या मुलाला बोलावलं. त्याने काळ्या खिडकीत काहीतरी टाइप केलं आणि एक ओळ दाखवली. प्रत्येक फायलीवर, तो म्हणाला, तीन जणांसाठी तीन हक्क लिहिलेले असतात. मालक, मालकाचा गट आणि इतर. हक्क असे: वाचणं, लिहिणं आणि तिसरा एक्स, म्हणजे फोल्डर असेल तर आत शिरणं. इथे मालकाला तिन्ही होते. गटापुढे रेघा, इतरांपुढे रेघा.

“मालक कोण?”

“पाचशे.”

“पाचशे कोण?”

“नाव नाही येत काका, नुसता नंबर. २००४ मध्ये ज्याच्या मशीनवर केली त्याचा. जुन्या रेड हॅट लिनक्समध्ये पहिल्या माणसाला पाचशे नंबर मिळायचा. हल्ली बहुतेक ठिकाणी हजारापासून सुरू होतो.”

“मग मी हजार ना?”

मुलगा जरा चुळबुळला. “हजार मी आहे. तुम्ही हजार एक. तुमच्याकडून काही बिघडू नये म्हणून तुम्हाला साधा युजर केलंय.”

माझ्या पेन्शनच्या पैशांचा लॅपटॉप, माझ्या घरच्या टेबलावर, आणि त्याचा मालक शेजारी राहतो, हे मला त्या दिवशी समजलं. तो गेल्यावर मी जिद्दीने त्याच्यासारखीच काळी खिडकी उघडली आणि ‘सुडू’ असा मंत्र टाइप केला. हा मंत्र म्हटला की यंत्र तुम्हाला सर्वाधिकारी मानतं, असं ऐकलं होतं. पासवर्ड टाकताना पडद्यावर अक्षर दिसेना, ठिपका दिसेना. कीबोर्ड मेला असं समजून मी त्याला दोन फटके दिले. मग इंग्रजीत उत्तर आलं. तात्पर्य असं की, तुमचं नाव अधिकाऱ्यांच्या यादीत नाही, आणि या प्रकाराचा अहवाल वर पाठवला जाईल.

सरकारी नोकरीत पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला ‘अहवाल वर पाठवला जाईल’ हे वाक्य कसं लागतं, ते इतरांना कळायचं नाही. मी लॅपटॉप बंद केला, पंखा लावला आणि पेन्शनचे कागद जागेवर आहेत ना ते पाहिलं. रात्री मुलाने सांगितलं, “काका, वर म्हणजे माझ्याकडेच. मी कधी वाचत नाही.”

इकडे बातमी सांगलीला पोहोचली होती. ‘सीडीला कुलूप आहे’ एवढीच. आणि मग चमत्कार झाला. कुलवृत्तांताच्या व्हॉट्सॲप गटावर एरवी ‘सुप्रभात’शिवाय अक्षर उमटत नसे, तिथे रात्री अकराला तासगाव जागं झालं.

“कुलूप का घातलं? काय आहे आत?”

“आम्हाला तेव्हाच शंका आली होती,” मिरज.

“वाड्याच्या वाटणीचे कागद स्कॅन केले होते म्हणे,” अशी एक माहिती कोणीतरी ‘म्हणे’च्या आधाराने सोडून दिली. वाड्याची वाटणी १९६२ साली झाली आणि वाडा १९७० साली पाडला. पण त्यामुळे संशयाला बाधा येत नाही. ज्यांनी वीस वर्षं ती सीडी पाखरांपुढे नाचवली, तिच्यावर कप ठेवले, ते आता ‘आमच्या हक्काची प्रत’ मागू लागले. वाईच्या काकूंनी स्वतंत्र फोन करून विचारलं, “आमच्या सासूबाईंबद्दल काही लिहिलंय का हो त्यात? खरं सांगा, मी कुणाला बोलणार नाही.”

सीडी करणारा तो मेहुण्यांचा मुलगा, आमचा भाचा, आता अमेरिकेत असतो. मी त्याला फोनवर गाठलं. “अरे, कुलूप का घातलंस?”

तो आधी गप्प झाला, मग इतका हसला की मागे त्याची मुलगी जागी झाली. “काका, कुलूप कसलं! सीडी बनवायच्या आज्ञेत एक आर टाकायचा असतो. छोटा आर टाकला तर सगळ्यांना वाचता येईल अशी सीडी होते. मोठा टाकला तर माझ्या मशीनवरचे हक्क जसेच्या तसे उतरतात. मी मोठा टाकला असणार.”

म्हणजे चार शाखांत उठलेला हा धुरळा एका अक्षराच्या उंचीवरून होता. मी ते गटावर सविस्तर लिहिलं. अर्धा तास शांतता. मग तासगावचं उत्तर आलं, “हे पटण्यासारखं नाही.” खरंच होतं ते. नातेवाईक मुद्दाम लपवतात हे आपल्याला पटतं. नातेवाइकाकडून शिफ्टचं बटण दाबलं गेलं, हे कोणाला पटणार?

मेहुणे म्हणाले, “दाजी, माझ्या विंडोजवर लावून बघू.” ड्राइव्ह घेऊन पुन्हा सांगली. आणि खरंच, विंडोजने मालकबिलक काही विचारलं नाही. त्या हक्कांच्या नोंदी ती वाचतच नाही. सगळं उघडलं. पण तिथे फायलींची लांब नावंही गेली. जुन्या नियमाप्रमाणे नावाला आठ अक्षरं, पुढची छाटलेली. आता आमच्या सासरी आजोबांचं नाव नातवाला ठेवायची पद्धत. घराण्यात विष्णू नावाचे सात. प्रत्येकाच्या फोटोला नानांनी नाव, गाव, शाखा असं लांबलचक नाव दिलेलं. सगळ्यांची पहिली अक्षरं तीच, म्हणून छाटणीनंतर उरले विष्णू ०००, विष्णू ००१, विष्णू ००२. नानांनी भिंग घेतलं. पाच विष्णू ओळखले. उरलेल्या दोघांवरून मेहुणे आणि नानांची जुंपली, कारण दोघांनाही पागोटं आणि दोघांच्याही मिशा.

“हे चालणार नाही,” नाना म्हणाले. “मला माझे विष्णू पूर्ण नावानिशी पाहिजेत.”

मग सगळा फौजफाटा लिनक्सवर परत आला. भाच्याने शेजारच्या मुलाला फोनवरून सांगून मला अधिकाऱ्यांच्या यादीत बसवलं. बढती निवृत्तीनंतर मिळाली, पण मिळाली. सांगलीत मेहुण्यांच्या जेवणाच्या टेबलावर, भाचा फोनवर, नाना खुर्चीत, मी कीबोर्डवर. आधी सीडीवरचेच हक्क बदलू पाहिले. यंत्राने सांगितलं, यावर लिहिता येत नाही. सीडी ती, एकदा लिहिली की ब्रह्मलिखित. मग सर्वाधिकाराने सगळं लॅपटॉपवर उतरवलं. उतरलं, पण मालक पाचशेच. पाहुणा आपलं कुलूप घेऊन घरात आला होता आणि मी बाहेर.

“मालकी तुमच्या नावावर करा,” भाचा. तलाठ्याशिवाय फेरफार एका ओळीत झाला. आता हक्क द्यायचे. भाच्याने सांगितलं, हक्क आकड्यांतही देता येतात. वाचण्याचे चार, लिहिण्याचे दोन, एक्सचा एक.

मेहुण्यांचे डोळे चमकले. आकडे हा त्यांचा प्रांत. “सगळे मिळून सात. म्हणजे ७७७ दिले की सगळ्यांना सगळं?”

“हो, पण तसं देऊ नये.”

“देणारच नाही! काय उधळपट्टी आहे! ६४४ द्या. मालकाला वाचणं-लिहिणं, बाकीच्यांनी नुसतं वाचावं. पुरे झालं.”

बँकेत कर्ज मंजूर करताना आकड्याला कात्री लावायची सवय. एक्स त्यांनी सरसकट कापला. मी आज्ञा दिली. पडद्यावर फायलींची नावं आली आणि प्रत्येक नावापुढे प्रश्नचिन्हांची रांग. हक्क काय? प्रश्नचिन्ह. मालक कोण? प्रश्नचिन्ह. तारीख? प्रश्नचिन्ह. नानांनी ते पाहिलं आणि खुर्चीतून म्हणाले, “वंशच बुडाला की हो!”

बुडाला नव्हता. फोल्डरचा एक्स गेला की आतल्यांची नावं वाचता येतात, पण उंबरा ओलांडता येत नाही. नानांच्या जुन्या घरात माजघराच्या दारात उभं राहून आत कोण कोण बसलंय ते दिसायचं, पण आजेसासूबाईंनी ‘या’ म्हटल्याशिवाय पाऊल टाकायची छाती नव्हती, तसं. भाच्याने उपाय सांगितला. मोठा एक्स. छोटा एक्स सरसकट सगळ्यांना लागतो. मोठा फोल्डरांना लागतो, साध्या फायलींना नाही. घात मोठ्या आरने केला होता, तारलं मोठ्या एक्सने.

फोल्डर उघडलं. सातही विष्णू पूर्ण नावानिशी, गावासकट हजर. मेहुण्यांनी आपला विष्णू चुकीचा ओळखला होता असं निघालं. त्यांनी चष्म्याचा नंबर वाढल्याचं जाहीर केलं. मजकुराच्या फायली उघडल्या तेव्हा त्यांत मराठीऐवजी युरोपभरच्या अक्षरांच्या टोप्या, शेपट्या आणि ठिपके दिसले. युनिकोड रुळायच्या आधीचा फॉन्ट. तो बसवला, रूपांतर केलं, सगळ्या ऱ्हस्व वेलांट्या एकेक अक्षर मागे सरकल्या, त्या नानांनी हाताने पुढे ओढल्या. ती हकिगत सांगत बसत नाही. तिला वेगळा दिवाळी अंक लागेल.

सगळं तयार झाल्यावर मी ते इंटरनेटवर चढवलं आणि गटावर दुवा टाकला. खाली ठळक लिहिलं, ‘सर्वांना खुलं आहे. कोणालाही परवानगी लागणार नाही.’

नऊ जणांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. दोघांनी अंगठा. मिरजेने ‘खूप छान, सवडीने बघतो’ असं कळवलं. वाटणीचे कागद मागणारे सुप्रभातवर परतले. आठवडाभराने शेजारच्या मुलाने दुवा किती जणांनी उघडला ते पाहून दिलं. एकाने. तो नानांचा फोन होता.

मला वाईट वाटलं. नानांना नाही. “जावईबापू,” ते म्हणाले, “सातवं प्रकरण बंद करा.”

“का? त्यात तर देणगीदारांची यादी आहे नुसती.”

“असू दे. बंद करा आणि गटावर लिहा, सातवं प्रकरण काही कारणाने सर्वांसाठी खुलं नाही.”

मी हक्क काढून घेतले आणि तसं लिहिलं. दहा मिनिटांत तासगावचा फोन. काही कारणाने म्हणजे कोणत्या? मिरजेने उरलेली सगळी प्रकरणं त्याच रात्री वाचून काढली, संदर्भ कुठे लागतो का ते बघायला. वाईच्या काकू तर एसटीने सांगलीला गेल्या, नानांसमोर बसल्या, आणि सासूबाईंचा विषय निघतो का याची वाट पाहत दोन दिवस राहिल्या. जाताना जुने चार फोटो आणि एक जन्मटिपण देऊन गेल्या, जे नाना वीस वर्षं मागत होते.

तेव्हा वाचकहो, घरात जुन्या सीड्या असतील तर आजच बाहेर काढा. लेबल सोलू नका, मधून कडेकडे सरळ पुसा, ड्राइव्ह मिळेल तिथून मिळवा आणि सगळं उतरवून ठेवा. पर्मिशन डिनाइड आलं तर घाबरू नका. मालकी आपल्या नावावर करा, आकड्यांत कंजुषी करू नका आणि मोठा एक्स विसरू नका. एवढं करून ते घरच्यांनी वाचावं अशी मनापासून इच्छा असेल, तर शेवटी एक प्रकरण बंद ठेवा.

सातव्यात काय आहे, ते मात्र मला विचारू नका. मला परवानगी नाही.